चॅनल आहे, पण बघतंय कोण?

(मंडळाच्या मार्च महिन्यातल्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली थोडी पुनरुक्ती काढली आहे. त्यानंतर वार्षिक सभेत काय ठरलं, ते चिटणिसांच्या अहवालात याच अंकात आहे.)



रविवारची दुपारची झोप मोडून तुम्ही इतक्या संख्येने आलात, याबद्दल आधी आभार. चहा-समोसे भाषणानंतर आहेत हे मला ठाऊक आहे, त्यामुळे या गर्दीचं सगळं श्रेय मी घेत नाही.

अध्यक्षांनी मला अर्धा तास दिला आहे. ‘तू कॉम्प्युटर इंजिनिअर, आयटीत कन्सल्टंट, तेव्हा आपलं यूट्यूब चॅनल का चालत नाही ते तूच सांग,’ असा त्यांचा हुकूम आहे. आयटीतला माणूस म्हटलं की त्याला बिघडलेल्या प्रिंटरपासून रॉकेटपर्यंत सगळं कळतं, असा आपल्याकडे समज आहे. पण हा विषय माझ्या रोजच्या कामाच्या बराच जवळचा आहे, म्हणून मी हो म्हटलं.

प्रश्न काय आहे ते नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. २०२० साली गणेशोत्सव हॉलमध्ये करता आला नाही, म्हणून आपण चॅनल सुरू केलं. आरती ऑनलाइन झाली, मुलांचे नाच ऑनलाइन झाले. पुढे हॉल उघडले, पण चॅनल चालूच राहिलं. हळदीकुंकू, मराठी शाळेचं स्नेहसंमेलन, दिवाळीचा कार्यक्रम, पाककृती, वार्षिक सभा, सगळं आपण तिथे टाकत गेलो. आपले चार स्वयंसेवक मुलं झोपल्यावर रात्री एडिटिंग करत बसतात. आणि बघायला कोणी नाही! तेव्हा येत्या वार्षिक सभेपुढे ठराव आहे, की चॅनल बंद करावं.

त्याच चॅनलवर आपल्या एका ज्येष्ठ काकांची अहिराणीवरची मालिका आहे. काका मूळचे धुळ्याकडचे, आता इथे ओहायोत लेकाकडे असतात. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि त्यांच्या परवानगीने सांगतो. आखाजीचे झोके, कानबाईचे रोट, खापरावरचे मांडे, आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी, असं त्यांनी चौदा भागांत सांगितलं आहे. एका भागाला सरासरी साठ प्रेक्षक. मागच्या महिन्यात ते मला म्हणाले, ‘अरे, साठ लोकांसाठी कशाला तुमची झोप मोडायची? राहू दे आता.’

चॅनल बंद झालं तर ही मालिकाही थांबेल. म्हणून नुसतं ‘चालत नाही’ म्हणून भागणार नाही. का चालत नाही, ते समजून घेऊ.

साधारण तीन कारणं ऐकू येतात. एक, आपले व्हिडिओ वाईट आहेत. दोन, कॅमेरा स्वस्तातला आहे. तीन, यूट्यूबवाले लहान चॅनलना मुद्दाम दाबतात. तिन्ही कारणांत थोडं थोडं तथ्य सापडेल, पण खरं उत्तर यांतलं एकही नाही.

आधी गर्दी किती आहे ते पाहू. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढला. प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून बोलणाऱ्या एका संस्थापकाचा, पुरा वीस सेकंदांचाही नाही. २०१९ साली कंपनीने सांगितलेला आकडा असा, की दर मिनिटाला ५०० तासांचे व्हिडिओ चढवले जातात. गुणाकार करा. दिवसाला ७ लाख २० हजार तास होतात. म्हणजे एका दिवसात आलेलं सगळं पाहायचं, तर न झोपता, न जेवता ८२ वर्षं लागतील. आज जन्मलेलं बाळ आजोबा होऊन जाईल आणि आजचाच दिवस संपायचा असेल! हा आकडा २०१९ चा. त्यानंतर गर्दी कमी झालेली नाही.

आता या गर्दीतल्या साध्यासुध्या व्हिडिओला किती प्रेक्षक मिळतात? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या संशोधकांनी याचा छडा लावला. प्रत्येक व्हिडिओच्या पत्त्यात अकरा अक्षरांचा एक संकेत असतो. त्यांनी यंत्राकडून असे संकेत अंदाधुंद तयार करून घेतले आणि जे खरे निघाले त्या व्हिडिओंचा नमुना घेतला. २०२३ साली हे काम प्रसिद्ध झालं. सगळे व्हिडिओ कमी प्रेक्षकांपासून जास्त प्रेक्षकांपर्यंत ओळीने उभे केले, तर मधोमध उभ्या असलेल्या व्हिडिओला किती व्ह्यूज असावेत? चाळीसच्या आसपास!

म्हणजे काका, साठ प्रेक्षक मिळवून तुम्ही अर्ध्याहून अधिक यूट्यूबच्या पुढे आहात. (टाळ्या वाजवा, हरकत नाही.)

आपल्याला हे कळत नाही, कारण आपल्यासमोर येतात ते लाखो व्ह्यूजवालेच. वर्गातला पहिला नंबर सगळ्या गावाला माहीत असतो, बाकीचा वर्ग कोणी मोजत नाही. आपली तुलना चुकते ती इथे.

आता पुढचा प्रश्न. जे पुढे जातात ते कसे जातात?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला जुना पुस्तकविक्रेता आठवा. तुम्ही दुकानात शिरलात की तो तुमच्याकडे बघतो आणि काही न विचारता दोन पुस्तकं पुढे सरकवतो. कारण गेल्या दहा वर्षांत तुम्ही काय नेलंत, काय चाळून परत ठेवलंत, हे त्याच्या डोक्यात असतं. यूट्यूबचं यंत्र हेच करतं, फक्त अब्जावधी गिऱ्हाइकांसाठी. २०१८ च्या सुरुवातीला कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितलं होतं, की लोक जेवढा वेळ यूट्यूब पाहतात त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ अशा शिफारशींमधूनच येतो. म्हणजे लोक शोधून पाहतात ते कमी, समोर येईल ते पाहतात ते जास्त.

हे यंत्र कसं चालतं याचा शोधनिबंध कंपनीच्याच इंजिनिअरांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्याचा सारांश एवढाच, की काम दोन पायऱ्यांत होतं. पहिल्या पायरीत लाखो व्हिडिओंमधून तुमच्या आवडीशी जुळणारे काहीशे निवडायचे. दुसऱ्या पायरीत त्या काहीशेंना क्रम लावायचा. हा क्रम लावताना तुम्ही तो व्हिडिओ किती वेळ पाहाल याचा अंदाज बांधला जातो. २०१२ पूर्वी नुसत्या क्लिकला जास्त मान होता. त्यामुळे वर भलतंच चित्र लावून लोकांना फसवणाऱ्यांची चलती होती. त्या वर्षापासून ‘किती वेळ पाहिलं’ याला वजन आलं.

यातली मेख लक्षात घ्या. व्हिडिओ चांगला की वाईट हे यंत्र थेट ठरवत नाही. तो कोणाला रुचेल, एवढाच त्याचा प्रश्न असतो. त्यासाठी त्याला खुणा लागतात. कोणी उघडला, कुठपर्यंत पाहिला, नंतर तो माणूस कुठे गेला. मोठ्या चॅनलपाशी अशा करोडो खुणा असतात. आपल्या नव्या व्हिडिओपाशी असतात तीस-चाळीस. आमच्या धंद्यात याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. कोलंबसच्या जानेवारीत गाडी सुरू करून पाहिलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. खुणा नाहीत म्हणून दाखवलं जात नाही, आणि दाखवलं जात नाही म्हणून खुणा मिळत नाहीत. ज्याच्याकडे आहेत त्याला आणखी मिळतात. पैशाकडे पैसा जातो, ही म्हण संगणकाच्या आधीपासूनची आहे. इथे कोणी आपल्याला दाबत नाही. आपण कोण, कोणासाठी, हेच अजून त्या यंत्राला कळलेलं नाही.

यात नशिबाचाही वाटा आहे, आणि तो मोजून झालेला आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी एक प्रयोग केला, तो २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि चौदा हजारांवर श्रोते. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येक गटाला आपल्याच गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडा दिसत होता. गाणी तीच, पण प्रत्येक गटात वेगळीच गाणी गाजली. जे गाणं आकडे न दाखवता २६ व्या क्रमांकावर आलं होतं, ते एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं! फार चांगलं गाणं सहसा अगदी तळाला गेलं नाही आणि फार वाईट सहसा वर चढलं नाही, पण मधल्यांचं काहीही होऊ शकलं. सुरुवातीचे थोडे श्रोते कोणाला कसे मिळाले, यावर पुष्कळ अवलंबून राहिलं.

म्हणजे चांगलं काम करणं गरजेचं आहे, पण तेवढं पुरेसं नाही. आणि सुरुवातीचे प्रेक्षक कोण आहेत, याला फार महत्त्व आहे.

आता आपल्या मंडळाकडे वळू. आपले सुरुवातीचे प्रेक्षक कोण? आपणच! आणि आपण काय करतो? व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो, ‘कृपया सर्वांनी सबस्क्राइब करावे.’ हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की जावंच लागतं, तसे आपण भिडेखातर बटण दाबतो. पुन्हा तिकडे फिरकत नाही. आता ज्या थोड्या खुणांवरून यंत्राला अंदाज बांधायचा आहे, त्यांत या भिडेखातरच्या खुणा मिसळतात. व्हिडिओ दाखवला, पण माणसाने उघडला नाही. उघडला, पण अर्ध्या मिनिटात बंद केला. शेजारधर्म ही उत्तम गोष्ट आहे, पण तो यंत्राला समजत नाही.

मी चॅनलचे आकडे काढून पाहिले. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तीन तासांचा आहे. व्ह्यूज साधारण सातशे, म्हणजे आपल्या मानाने जोरात. पण सरासरी पाहिला गेला दोन मिनिटं. कारण सरळ आहे. प्रत्येक आई-बाबा आपल्या लेकराचा नाच कुठे आहे तिथे जातात, तेवढं पाहतात, भारतातल्या आजीला लिंक पाठवतात, आणि झालं. त्यात गैर काहीच नाही. त्या व्हिडिओचं काम तेवढंच होतं आणि ते त्याने चोख केलं.

आता काकांचा भाग पाहा. साठ व्ह्यूज. पण अकरा मिनिटांच्या व्हिडिओतली सरासरी आठ मिनिटं लोकांनी पाहिली. आलेला माणूस जवळजवळ शेवटपर्यंत बसला. खाली शिरपूरच्या कोणीतरी लिहिलं आहे, ‘बाबा, पुढचा भाग कधी?’

त्या शिरपूरच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. त्याला काका आवडले. पुढचा भाग शोधायला तो चॅनलवर गेला. तिथे त्याला काय दिसलं? ओहायोतलं हळदीकुंकू, मग बजेटवरची चर्चा, मग पनीर टिक्का, मग मुलांची फॅन्सी ड्रेस. तो बिचारा परत गेला. आपल्या चॅनलवर सगळ्यांसाठी सगळं आहे, म्हणून कोणालाच परत यायचं कारण नाही. किराणा दुकानात साड्या आणि साड्यांच्या दुकानात औषधं ठेवली, तर गिऱ्हाईक गोंधळणारच.

मराठीला प्रेक्षकच नाहीत, असंही इथे म्हटलं जातं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. मधुराज रेसिपी हे चॅनल २००९ च्या सुमारास अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी गृहिणीने सुरू केलं. भाडिपा २०१६ साली आलं. दोन्ही शून्यापासून उभी राहिली. पण एकाचं नाव घेतलं की स्वयंपाक डोळ्यांपुढे येतो आणि दुसऱ्याचं घेतलं की विनोद. उघडल्यावर काय मिळणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं.

आणि अहिराणीचं म्हणाल, तर त्याच जनगणनेत खानदेशी या नावाखाली १८ लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे. काकांचा प्रेक्षक तिकडे आहे, धुळ्यात, जळगावात, नंदुरबारात, बागलाणात, आणि तिथून पुणे-मुंबई-सुरतेला कामाला गेलेल्या घरांत. तो या हॉलमध्ये नाही. आपण काकांचा व्हिडिओ दोनशे घरांच्या ग्रुपवर फिरवला, आणि त्या घरांत खानदेशातली किती? मोजून पाच.

शीर्षकाचंही तेच. कानबाईच्या भागाचं नाव आपण ठेवलं आहे, ‘मंडळ उपक्रम, भाग ८७’. असं कोण शोधणार? ‘कानबाईचे रोट’ हे शब्द श्रावणात लोक शोधतात. आणि तो भाग आपण चढवला डिसेंबरात, कारण एडिटिंगला तेव्हा सुट्टी मिळाली. ही टीका नाही. रात्री जागून काम करणाऱ्यांना मी नाव ठेवणार नाही. पण पेरणी मृगात करायची असते, नाताळात नाही.

काही जणांच्या मनात पैशांचा विचार आहे, तोही स्पष्ट बोलून टाकू. जाहिरातींचा वाटा मिळायला २०१८ पासून १००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं, अशी अट आहे. (छोट्या शॉर्ट्सच्या जोरावरही पात्र होता येतं, पण त्याला नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात, तो मार्ग सोडून देऊ.) समजा आपण दर आठवड्याला एक व्हिडिओ टाकला, प्रत्येकाला चाळीस प्रेक्षक मिळाले, आणि प्रत्येकाने चार मिनिटं पाहिला. वर्षाचे होतात सुमारे १३९ तास. हवेत ४०००. साठवत जाऊ म्हणाल तर तेही नाही, कारण जुने तास वर्षानंतर गणतीतून बाद होतात. तेव्हा हॉलचं भाडं चॅनलमधून निघेल हे स्वप्न इथेच सोडून देऊ. ते एकदा सोडलं की डोकं शांत होतं आणि खरा प्रश्न दिसतो.

शॉर्ट्स करा, असाही सल्ला मिळतो. भारतात जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स तिथेच पहिल्यांदा आणले. त्यात आकडा पटकन फुगतो, हे खरं. पण मार्च २०२५ च्या अखेरीपासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी तो एक व्ह्यू धरला जातो. बोट सरकवताना डोळ्यांखालून गेलेला माणूस आणि अकरा मिनिटांतली आठ मिनिटं बसून ऐकणारा माणूस यांना एकाच काट्यावर तोलू नका. काकांच्या लांब भागाकडे घेऊन येणारी पाटी म्हणून शॉर्ट वापरा, हरकत नाही.

तर माझी सूचना अशी. सभेत ती मांडणारच आहे, आज तुम्ही विचार करून ठेवा.

पहिलं, मंडळाचे कार्यक्रम आपण ‘अनलिस्टेड’ ठेवू. म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच ते दिसतील. आजीला नातवाचा नाच दिसेल, तीन तासांचं एडिटिंग करायची गरज नाही, आणि सातशे झाले की सहाशे याची चिंता नाही. ते आपलं घरगुती अल्बम आहे. अल्बमला प्रेक्षकसंख्या नसते.

दुसरं, काकांच्या मालिकेचं वेगळं चॅनल काढू. त्यावर फक्त अहिराणी आणि खानदेश. शीर्षक देवनागरीत आणि शोधणाऱ्याच्या शब्दांत. सणाचा भाग सणाच्या दोन-तीन आठवडे आधी.

तिसरं, आणि हे ऐकून अध्यक्ष चमकतील, कृपया भिडेखातर सबस्क्राइब करू नका! ज्यांना खरोखर ऐकायचं आहे त्यांनीच करा. त्याऐवजी तुमच्या ओळखीत माहेर किंवा सासर धुळे-जळगावचं असलेली पाच माणसं शोधा आणि त्यांना एक भाग पाठवा. पन्नास अनिच्छुकांपेक्षा हे पाच जास्त कामाचे.

चौथं, एक वर्ष थांबू, आणि वर्षाने एकूण व्ह्यूज मोजणार नाही. यूट्यूबच्या आकडेवारीत परत आलेल्या प्रेक्षकांचा अंदाजही मिळतो. तो पाहू.

एवढं करून चॅनल वाढेलच, अशी हमी मी देत नाही. त्या ४८ गाण्यांचा प्रयोग आत्ताच ऐकलात. साठाचे सहाशे होतील किंवा साठाचे सत्तरच राहतील. पण सत्तरच राहिले, तरी ते सत्तर कोण असतील याचा विचार करा. इथे दर महिन्याला व्याख्यान होतं, त्याला आपण आज चाळीस-पंचेचाळीस आहोत आणि हॉल भरल्यासारखा वाटतो आहे. मग तेवढीच माणसं पडद्यापलीकडे बसली, की तो आकडा आपल्याला लाजिरवाणा का वाटतो? सुरतेच्या एखाद्या खोलीत कोणी आंडेर आपल्या आईचे शब्द पहिल्यांदा नीट ऐकत असेल, तर आपल्या चार जणांच्या रात्रीच्या जागरणाला मी वाया गेलं म्हणणार नाही.

ठरावावर मत देताना एवढाच फरक लक्षात ठेवा. गर्दी जमत नाही म्हणून अल्बम फाडायचा नसतो, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गावात आहे म्हणून माल वाईट ठरत नाही.

काका, पुढचा भाग आखाजीच्या गाण्यांचा करायचा तुम्ही म्हणाला होतात. अक्षय्य तृतीया फार लांब नाही. येत्या शनिवारी मी कॅमेरा घेऊन येतो. चहा मात्र तुमच्या हातचा.